वैद्यकीय भेटीचे कालमानक

रुग्णाला डॉक्टर किती वेळात भेटावा, याची शासनाने ठरवलेली कमाल मर्यादा. ब्रिटनच्या राष्ट्रीय आरोग्य सेवेने २००० च्या आराखड्यात २००४ पर्यंत ४८ तासांत डॉक्टरभेटीचे उद्दिष्ट घेतले. २०१० मध्ये ते रद्द झाले. भारतात बाह्यरुग्ण विभागातील प्रतीक्षेपेक्षा लोकसंख्येचा निकष मुख्य आहे : सपाट प्रदेशात ३०,०००, तर आदिवासी व डोंगरी भागात २०,००० लोकांमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र (पहा : प्राथमिक आरोग्य केंद्र).

महाराष्ट्रात मिनिटांचे मानक आले ते २०१४ मध्ये सुरू झालेल्या १०८ रुग्णवाहिका सेवेमुळे. दूरध्वनीनंतर शहरी भागात २०, ग्रामीण भागात ३० मिनिटांत रुग्णवाहिका पोहोचावी, असे उद्दिष्ट आहे. गाडीत डॉक्टर असल्याने पहिली वैद्यकीय भेट रुग्णाच्या ठिकाणीच होते. हेच या सेवेचे मोठे वैशिष्ट्य (पहा : आपत्कालीन वैद्यकीय सेवा).

ग्रामीण मानकाचे महत्त्व दुर्गम भागात अधिक. उदाहरणार्थ, यवतमाळ जिल्ह्यातील घाटंजी तालुक्याचा काही भाग अनुसूचित क्षेत्रात मोडतो (पहा : अनुसूचित क्षेत्र). अशा भागातील विखुरलेल्या वस्तीत प्रसूती, सर्पदंश व विषबाधेत ३० मिनिटांचे हे मानक निर्णायक ठरते. रुग्णालयात पोहोचल्यावर तज्ज्ञ भेटेपर्यंतचा वेळ मात्र या ३० मिनिटांत धरला जात नाही.