एकमेकांचे जामीन

ज्युबिलीच्या मंगल प्रसंगीं मागें वळून पाहतांना ख्रिस्तमंदिराच्या भिंती कोणीं व केव्हां उभारल्या, हें सांगण्याचा प्रघात आहे. परंतु त्या भिंतींबाहेर लोकांनीं एकत्र येऊन आपलीं संकटें कशीं निवारिलीं, हाही इतिहासच होय. त्याचें थोडक्यांत निरूपण करण्याचें आम्हीं येथें योजिलें आहे.

कन्हान नदीच्या तीरीं वसलेलें खापा हें विणकरांचें जुनें गांव. १८६७ सालीं येथें नगरपालिका स्थापन झाली व सामायिक कारभाराची संवय गांवास लागली. पुढें दहाच वर्षांनीं, १८७७ सालीं, जमशेटजी टाटा ह्यांची एम्प्रेस मिल नागपुरांत सुरू झाली. गिरणीच्या स्वस्त कापडापुढें हातमागाचा टिकाव लागणें दिवसेंदिवस कठीण झालें. सूत उधार आणावें, लुगडें विणावें आणि तें सूत देणाऱ्याच्याच हवालीं करावें, ह्या फेऱ्यांत विणकर सांपडला. त्याच्या हातीं कसब होतें. नव्हती ती पत.

पत नसलेल्यांनीं ती कोठून आणावी? हाच प्रश्न जर्मनींत फ्रीड्रिख रायफायझन नांवाच्या एका ग्रामप्रमुखापुढें उभा राहिला होता. १८४६-४७ च्या दुष्काळी हिवाळ्यांत त्यानें सधनांकडून पैसा जमवून गरिबांच्या भाकरीची सोय केली. परंतु दात्याचा उत्साह ओसरतो आणि गरजवंत आहे तेथेंच राहतो, असा त्यास अनुभव आला. म्हणून १८६४ सालीं हेडेसडोर्फ येथें त्यानें कर्ज घेणारांच्याच सभासदत्वावर पतपेढी उभारिली. एकानें कर्ज बुडविल्यास तें सर्वांनीं फेडावें, हा तिचा नियम. नियम कठोर खरा. पण त्याच्या योगें शेजारी शेजाऱ्याची चौकशी करूं लागला. कर्ज कशासाठीं हवें? बैल खरोखरच घेतला काय? हप्ता थकला, तर घरांत कोणी आजारी तर नाहीं ना? अनेक दुबळे एकमेकांचे जामीन झाले, आणि तीच त्यांची पत ठरली.

१८९१ सालीं पोप तेरावे लिओ ह्यांनीं आपल्या परिपत्रकांत कामकरी लोकांच्या संघांचा पुरस्कार केला. हिंदुस्थानांत १९०४ च्या कायद्यानें सहकारी पतपेढ्यांस मान्यता मिळाली, व त्यांतही ग्रामीण पेढ्यांसाठीं हीच सर्वांच्या जामिनकीची अट घातली गेली. १९१२ च्या कायद्यानें पतपुरवठ्याखेरीज इतर कामांसाठींही सहकारी संस्था काढण्याची वाट मोकळी झाली.

आपल्या बांधवांनींही ह्या संधीचा लाभ घेतला. छोटानागपुरांत येशूसंघीय फादर योहान हॉफमन ह्यांनीं १९०९ सालीं आदिवासी शेतकऱ्यांसाठीं कॅथलिक पतसंस्था स्थापिली. महायुद्धामुळें १९१५ सालीं त्या जर्मन धर्मगुरूंस देश सोडावा लागला, पण संस्था टिकली. कारण ती सभासदांची झाली होती. मराठी मुलखांत वसईस १९१८ सालीं मोन्सेन्योर पी. जे. मोनीस ह्यांच्या पुढाकारानें कॅथलिक पतपेढी निघाली. तीच आजची बसीन कॅथलिक बँक.

परंतु वसईची कथा येथेंच संपत नाहीं. १९८० नंतरच्या दशकांत टँकर विहिरींचें गोडें पाणी उपसून नेऊं लागले, आणि वाड्या व शेतें इमारतींखालीं जाण्याचें भय उत्पन्न झालें. विहीर खारी झाली, तर ती कॅथलिकांची कीं हिंदूंची, हें कोण विचारणार? फादर फ्रान्सिस दिब्रिटो ह्यांच्या नेतृत्वाखालीं हरित वसई संरक्षण समितीच्या झेंड्याखालीं निरनिराळ्या धर्मांचे लोक धाकदपटशास न जुमानतां एकत्र आले. पूर्वजांनीं पतपेढींत आपल्या माणसांचे जामीन होण्याचा धडा गिरविला होता. त्यांच्या वंशजांनीं सबंध तालुक्याची जामिनकी पत्करली.

वाचकहो, ह्या दोन पायऱ्यांतील अंतर आम्हांस फार मोलाचें वाटतें. वसईंत आपली वस्ती दाट. नागपूरच्या ह्या भागांत आपलीं घरें थोडीं. येथें केवळ आपल्यांपुरता संघ काढूं म्हटल्यास तो दुबळाच राहणार. मागावरचा कोष्टी, गुमगांवच्या मँगेनीज खाणींतील मजूर, नदीकांठचा शेतकरी, ह्यांच्या प्रश्नांतच आपले प्रश्न गुंतलेले आहेत. कन्हानेचें पाणी धर्म विचारून वाहत नाहीं.

असा संघ एकदम मोठा होत नसतो. रायफायझननें आपलें क्षेत्र मुद्दाम लहान ठेविलें होतें. कारण ज्यास आपण ओळखतों, त्याचाच हवाला आपण देऊं शकतों. प्रथम एकच नड हेरावी, तिची झळ ज्यांस लागते त्या सर्वांस बोलवावें, हिशेब सर्वांपुढें उघडा ठेवावा, आणि पुढारी उद्यां येथें नसला तरी काम अडूं नये अशी व्यवस्था करावी. हॉफमनसाहेबांच्या संस्थेनें हाच धडा घालून दिला आहे.

शोमरोनी माणसानें जखमी वाटसरूस धर्मशाळेंत पोंचविल्यावर दोन नाणीं दिलीं, आणि अधिक खर्च झाल्यास तोही आपण परत येतांना भरूं, असें वचन दिलें. ती नाणीं म्हणजे दान. तें वचन म्हणजे जामिनकी. दान करण्यांत आपण मागें राहिलों नाहीं. ह्या ज्युबिलीच्या निमित्तानें परक्या म्हटलेल्या शेजाऱ्याचे जामीन होण्याची सिद्धता आपल्या अंगीं यावी, हीच आमची प्रार्थना.