झेंडेवाला, विमान आणि उपग्रह

मंडळी, जीपीएस म्हटलं की आपल्याला आठवतो तो मोबाईलवरचा नकाशा. पण याच जीपीएसने शेतातल्या एका माणसाची फार वाईट नोकरी संपवली. आजची गोष्ट त्याची.

३ ऑगस्ट १९२१ ला अमेरिकेत, ओहायोतल्या ट्रॉय गावाजवळ, लेफ्टनंट जॉन मॅकरेडीने विमानातून कटाल्पाच्या झाडांवर लेड आर्सेनेटची भुकटी सोडली. अळ्या पटापट मेल्या आणि हवाई फवारणी सुरू झाली. आपल्याकडेही एचएएलने खास या कामासाठी बनवलेलं 'बसंत' विमान १९७२ मध्ये उडालं.

अडचण एकच. वरून सगळं सारखंच हिरवं! पट्टा सुटला तर कीड राहते, दोनदा पडला तर औषध जास्त होतं. म्हणून शेताच्या टोकाला झेंडा घेऊन माणूस उभा करत. विमान त्याच्या रोखाने यायचं, मग तो पावलं मोजून पुढच्या पट्ट्यावर सरकायचा. विषाचे तुषार अर्थातच त्याच्याही अंगावर.

१९९० च्या दशकात जीपीएस मदतीला आलं. पण सामान्यांच्या सिग्नलमध्ये अमेरिकन लष्कर मुद्दाम चूक मिसळायचं, पार १०० मीटरपर्यंत. आणि फवारणीचा पट्टा असतो १५-२० मीटरचा! यावरचा तोडगा मला प्रोग्रामर म्हणून जाम आवडतो. जिथले अक्षांश-रेखांश पक्के ठाऊक आहेत तिथे एक रिसीव्हर ठेवायचा. उपग्रह त्याला जेवढं चुकवतील, जवळच्या विमानालाही साधारण तेवढंच चुकवणार. ती चूक रेडिओवरून कळवायची आणि वजा करायची. बस्स! वैमानिकासमोर दिव्यांची एक पट्टी. मधला दिवा लागला की विमान रेषेवर. मिसळलेली चूक मे २००० मध्ये बंद झाली, पण झेंडेवाल्यांचं काम त्याआधीच सुटायला लागलं होतं.

आता आमच्या पोलादपूरकडे या. सावित्रीच्या खोऱ्यात पायऱ्यापायऱ्यांची भातखाचरं, वर नाचणी-वरीची वरकस जमीन, समोर महाबळेश्वरचा डोंगर. विमानाला सरळ लांब पट्टा मिळणार कुठे? जीपीएसला किमान चार उपग्रह दिसावे लागतात, आणि दरीत बरंचसं आकाश डोंगराआड. अशा शेतात फवारणी म्हणजे पाठीवरचा पंप. पंप मारणारा, पट्टा ठरवणारा आणि तुषार झेलणारा माणूस एकच. त्याची किंमत काय, ते २०१७ मध्ये यवतमाळला दिसलं. कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन २० हून अधिक जण गेले.

लहान शेताला परवडेल असं 'विमान' म्हणजे ड्रोन. त्याने कीटकनाशक फवारण्याचे सरकारी नियम डिसेंबर २०२१ मध्ये आले, आणि २०२३ मध्ये १५,००० महिला बचत गटांना ड्रोन देण्याची योजना मंजूर झाली. आकडा मोठा आहे. पण मला विचाराल तर किती एकर फवारले यापेक्षा किती जणांच्या पाठीवरचा पंप उतरला, ते मोजायला हवं. आणि ते मोजताना सपाट शेतांबरोबर आमची खाचरंही धरा म्हणजे झालं!