हवेली जळाली, पागा उरली

इंग्लंडमधील रटलंड हा परगणा इतका लहान की, नकाशावर तो शोधावा लागतो. तेथील ओकम गावच्या जुन्या किल्ल्याच्या दालनात भिंतीभर घोड्यांचे नाल टांगलेले आहेत. या गावातून प्रथमच जाणाऱ्या उमरावाने एक नाल भेट द्यावा, असा तेथला शेकडो वर्षांचा रिवाज. ओकमच्या जवळच एका टेकडीवर ‘बर्ले ऑन द हिल’ ही हवेली आहे. मला लिहावयाचे आहे ते तिच्या पागेविषयी, हवेलीविषयी प्रसंगापुरतेच.

१६२०च्या सुमारास ही जहागीर जॉर्ज व्हिलियर्सने, म्हणजेच बकिंगहॅमच्या पहिल्या ड्यूकने घेतली. हा पहिल्या जेम्स राजाचा अत्यंत लाडका. शिवाय १६१६ पासून ‘मास्टर ऑफ द हॉर्स’, म्हणजे राजाच्या अश्वशाळेचा मुख्याधिकारी. अशा माणसाची पागा साधी असणार कशी! १६२१ च्या ऑगस्टमध्ये राजा येथे पाहुणा आला, तेव्हा बेन जॉन्सनचे जिप्सींवरील नाट्य त्याच्यापुढे सादर झाले. पुढे थॉमस फुलर या ग्रंथकाराने बर्लेच्या तोडीची काही थोडी घरे इंग्लंडात असतील असे मान्य केले. पागेच्या तोडीची मात्र एकही नाही, असा निर्वाळा दिला. त्याचा ग्रंथ १६६२ साली, त्याच्या मृत्यूनंतर, प्रसिद्ध झाला. तोवर हवेली उरलीच नव्हती. १६४०च्या दशकातील यादवीत संसदेच्या सैन्याने तेथे ठाणे दिले आणि सोडून जाताना तिला आग लावली. पागा तेवढी वाचली. पुढची सुमारे पन्नास वर्षे त्या टेकडीवर घोड्यांचे घर शाबूत होते, धन्याचे नव्हते.

१६९०च्या दशकात नॉटिंगहॅमचा दुसरा अर्ल डॅनियल फिंच याने ही जहागीर विकत घेऊन आजची हवेली उभारली. (याच गृहस्थाने आपले लंडनजवळचे घर १६८९ साली तिसऱ्या विल्यमला विकले होते, तोच आजचा केन्सिंग्टन राजवाडा.) हवेलीपुढे विस्तीर्ण चौक आणि दोन्ही बाजूंना कमानदार वळणाने धावणाऱ्या स्तंभांच्या ओळी. पण जुनी पागा त्याने मोडली नाही.

आपल्याकडे पागा म्हटले की शिलेदार-बारगीर आठवतात, मोहीम आठवते. इंग्रजी जहागिरीतील पागा ही मुख्यतः गृहस्थीचा भाग होती. पाहुण्याला हवेलीच्या आधी दिसावी अशाच थाटात ती पुष्कळदा बांधलेली असे. तिच्या रचनेमागे मात्र घोड्याच्या गरजा असत. थेट ऊन डोळ्यांवर येऊ नये म्हणून खिडक्या उंचावर. मूत्राचा निचरा व्हावा म्हणून फरशीला उतार. ठाणांची सरळ रांग. आणि वर गवताचा माळा, म्हणजे वैरण वरूनच खाली गव्हाणीत टाकता येई. मोतद्दार बहुधा याच माळ्यालगतच्या खोल्यांत झोपत. रात्री जनावर बिथरले तर चटकन खाली उतरता यावे, हा हेतू. खालच्या घोड्यांची ऊब वर येई, तेवढाच त्यांचा लाभ. तेव्हा पागेत माणसे हल्लीच राहावयास आली, असे म्हणणे इतिहासाला धरून नाही. ती तेथे होतीच. फक्त त्यांचा मुक्काम घर म्हणून मोजला जात नव्हता.

मोटार आली आणि अशा वास्तूंचे प्रयोजनच संपले. बर्लेला १९०८ साली पुन्हा आग लागली (त्या रात्री पाहुण्यांत विन्स्टन चर्चिल होता), त्यातूनही हवेली सावरली. पण विसाव्या शतकात इंग्लंडातील शेकडो हवेल्या पाडल्या गेल्या, त्या आगीमुळे नव्हे. कर, नोकरांचा तुटवडा आणि उतरलेले शेतीचे उत्पन्न यांमुळे. १९७४ साली लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाने या विनाशावर प्रदर्शन भरवले, तेव्हा कोठे लोकमत जागे झाले.

किट मार्टिन या वास्तुविशारदाचे काम याच पार्श्वभूमीवर पाहावे लागते. हवेलीचे आडवे मजले पाडून फ्लॅट करायचे नाहीत. उभे विभाग करावयाचे, प्रत्येकाला स्वतःचे दार आणि जिना द्यावयाचा, मोठी दालने चिरावयाची नाहीत, ही त्याची पद्धत. १९९०च्या दशकात त्याने बर्लेच्या हवेलीत सहा घरे केली. तबेले आणि इतर जुन्या इमारतींतही घरे झाली. माझ्या मते ही पद्धत हवेलीपेक्षा पागेलाच अधिक मानवते. ठाणांची रांग मुळातच सारख्या मापाच्या तुकड्यांची. तिचे उभे भाग पाडताना वास्तूशी फारसे भांडावे लागत नाही. गाडीखान्याच्या रुंद दारांना काचा बसतात, माळ्यावर निजावयाच्या खोल्या होतात.

अर्थात काही जातेच. पागेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत एका नजरेत दिसणारी लांबी भिंती घातल्यावर संपते. गव्हाणी आणि ठाणांच्या लाकडी आडभिंती अशा रूपांतरात क्वचितच टिकतात. बाहेरचे रूप कायदा सांभाळतो. इंग्लंडात संरक्षित हवेलीच्या आवारातील, १ जुलै १९४८ पूर्वी बांधलेली इमारत सामान्यतः तिच्याबरोबरच संरक्षित मानली जाते. त्यामुळे चौकातून पाहणाऱ्याला पागा पागाच दिसते. माळ्यावर आता घरमालक झोपतात.