बुद्ध पौर्णिमेची प्राणीगणना
वैशाखात नाले आटले की वन्यप्राणी उरलेल्या पाणवठ्यांवर येतात. म्हणून महाराष्ट्रातील अभयारण्यांत बुद्ध पौर्णिमेच्या चांदण्यात मचाणावर बसून, दिसलेल्या प्राण्यांची नोंद करण्याची पद्धत आहे. प्राणी, संख्या, नर-मादी, पिल्ले व वेळ तक्त्यात लिहितात.

वाशिम जिल्ह्यातील कारंजा-सोहोळ अभयारण्य काळविटांसाठी, तर वाशिम-अकोल्यातील काटेपूर्णा चौशिंग्यांसाठी ओळखले जाते.

ही नोंद म्हणजे जंगलातील एकूण संख्या नव्हे. एकच रोही दोन पाणवठ्यांवर मोजला जाऊ शकतो. अवकाळी पाऊस झाला तर प्राणी पाणवठ्याकडे फिरकतही नाहीत. मात्र त्याच पाणवठ्यावरच्या नोंदी दरवर्षी जपल्या, तर एखादा प्राणी दिसेनासा झाल्याचे वेळीच लक्षात येते. त्यासाठी ‘काही दिसले नाही’ हेही लिहावे लागते.