उलटी उघडलेली वही
(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



‘जरीपटका’ म्हटले की पुण्याकडच्या माणसाच्या डोळ्यांपुढे मराठ्यांच्या फौजेचे मानाचे निशाण उभे राहते. नागपूरकराला मात्र कापडाची दुकाने, दाल-पकवानाच्या गाड्या आणि संध्याकाळची गर्दी आठवते. उत्तर नागपुरात, इंदोऱ्याला लागून असलेली ही वस्ती. फाळणीनंतर सिंधमधून आलेली कुटुंबे येथे स्थिरावली आणि मराठ्यांच्या झेंड्याचे नाव मिरवणाऱ्या या भागाची घरातली बोली सिंधी झाली. या नावातला ‘ज’ मराठी माणूस ‘जरा’मधल्यासारखा दाताशी म्हणतो. माझ्या ओळखीचे एक सिंधी आजोबा तो अगदी तसाच म्हणत, कारण त्यांच्या शिक्षणात फारसी होती. त्यांची नातवंडे हिंदीच्या वळणाने ‘जय’मधला ज लावतात. एका नावात तीन पिढ्यांचा इतिहास ऐकू येतो, असे मला पुष्कळदा वाटले.

मी या भागातल्या एका शाळेत १९८१पासून तीस वर्षे मराठी शिकवले. शाळेचे नाव सांगत नाही, कारण पुढे ज्या चुका सांगणार आहे त्या माझ्या आहेत.

१९८४ साली पाचवीच्या वर्गात एक मुलगा आला. चौथीपर्यंत तो सिंधी माध्यमात शिकला होता. पहिल्याच दिवशी शुद्धलेखनाला त्याने वही मागच्या बाजूने उघडली आणि शेवटच्या पानावर पहिली ओळ लिहिली. अक्षर बरे होते. मी वही सरळ करून दिली. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशी मी त्याला वर्गापुढे उभे केले आणि म्हणाले, “तुला सरळ-उलटं कळत नाही का?” वर्ग हसला. त्यानंतर आठवडाभर त्याने वहीच आणली नाही.

मग त्याचे आजोबा आले. पांढरा पायजमा-सदरा, हातात नातवाची वही. शांतपणे म्हणाले, “बहनजी, लडका उल्टा नहीं है. हमारी किताब वहीं से शुरू होती है.” आणि त्यांनी मला त्याचे सिंधी वाचनाचे पुस्तक दाखवले. अरबी-फारसी वळणाची लिपी, उजवीकडून डावीकडे. पुस्तकाचे पहिले पान खरोखरच आपल्या शेवटच्या पानाच्या जागी होते. चार वर्षे ज्या मुलाने असे वाचले, त्याचा हात वहीच्या त्याच टोकाला जाणार. गणितातले आकडे मात्र तो डावीकडून उजवीकडे लिहीत होता. म्हणजे दोन्ही दिशा त्याला येत होत्या आणि मला एकच येत होती.

आजोबांनी बोलता बोलता सांगितले, “मैं बम्बई युनिव्हर्सिटी का मॅट्रिक हूँ. लारकाना से.” मी चकित झाले. चकित होण्याचे खरे तर कारण नव्हते. १८४७पासून ३१ मार्च १९३६पर्यंत सिंध हा मुंबई इलाख्याचाच भाग होता. कराचीचे डी. जे. सिंध कॉलेज मुंबई विद्यापीठाला जोडलेले होते. लारकान्याचा मुलगा आणि रत्नागिरीचा मुलगा एकाच मॅट्रिकला बसत. आपण मराठी माणसे हे साफ विसरलो. सिंधी माणसांना आपण ‘बाहेरून आलेले’ म्हणतो, तेव्हा एकेकाळी दोघांचे शिक्षणखाते एकच होते, याची आठवण होत नाही.

आणि त्या वहीच्या दिशेचा निर्णयही याच खात्यातल्या साहेबांनी घेतला होता. इंग्रज आले तेव्हा सिंधीची एक ठरलेली लिपी नव्हती. दरबारी कामकाज फारसीत चाले. हिंदू व्यापारी आपल्या हिशेबाच्या वह्या खुदाबादी आणि तिच्या बहिणींसारख्या लिप्यांत लिहीत, त्यात काना-मात्रा बहुधा नसतच. कॅप्टन जॉर्ज स्टॅक याने सिंधीचे व्याकरण आणि कोश देवनागरीत छापले होते. रिचर्ड बर्टन अरबी लिपीच्या बाजूचा. बार्टल फ्रिअर सिंधचा कमिशनर असताना, १८५३ साली, अरबी वळणाची बावन्न अक्षरांची लिपी पक्की झाली आणि शाळांत गेली. (हाच फ्रिअर पुढे मुंबईचा गव्हर्नर झाला आणि त्याच्या काळात फोर्टचा तट पाडला गेला.) व्यापाऱ्यांच्या मुलांसाठी १८६८ साली खुदाबादीत स्वरचिन्हे घालून तिला शाळेजोगी करण्याचा प्रयत्नही झाला. तो करणारे शिक्षणाधिकारी होते नारायण जगन्नाथ वैद्य. कराचीतली १८५५ साली सुरू झालेली शाळा आजही त्यांच्या नावाने, एन. जे. व्ही. म्हणून ओळखली जाते. ती लिपी शाळांत फार टिकली नाही.

फाळणीनंतर प्रश्न पुन्हा उपटला. केंद्र सरकारने सिंधीसाठी देवनागरी पुढे केली. बाजूने बोलणारे म्हणत, मुलांना हिंदी सोपी जाईल, देशाशी नाते जुळेल. विरोधक म्हणत, शंभर वर्षांची छापील पुस्तके, वर्तमानपत्रे, पत्रव्यवहार सगळे अरबी लिपीत आहे, ते मुलांच्या हातून जाईल. माझ्या मते दोघांचेही खरे होते आणि म्हणूनच तोड निघाली नाही. शेवटी दोन्ही लिप्या चालू राहिल्या. सिंधीला स्वतःचे राज्य नाही. मराठीचा, गुजरातीचा, कन्नडचा प्रश्न राज्यांच्या हद्दी आखून काही अंशी सुटला. सिंधीची हद्द पलीकडे राहिली. भाषा आठव्या परिशिष्टात गेली ती १० एप्रिल १९६७ रोजी. त्याच वर्षी जानेवारीत पुण्याला ‘बालभारती’ची स्थापना झाली आणि तिच्या माध्यमभाषांत पुढे सिंधीही आली.

जरीपटक्याच्या पहिल्या पिढीच्या नशिबी आणखी एक फेरा होता. ती आली तेव्हा नागपूर ही मध्य प्रांताची राजधानी, हिंदी आणि मराठी अशा दोन भाषांच्या प्रांताची. १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भ द्विभाषिक मुंबई राज्यात गेला, १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात. घराची कडी न काढता माणसाचे राज्य दोनदा बदलले. थोरल्या भावाने हिंदी शिकून नोकरी धरायची आणि धाकट्याने मराठी शिकायची, अशी घरे मी पाहिली आहेत.

आजोबांशी बोलणे झाल्यावर मी एक केले. आठवड्यातून एक तास मुलांना घरचे शब्द फळ्यावर लिहायला सांगू लागले. सिंधी मुलांकडून मला चार शब्द मिळाले: ॿारु म्हणजे मूल, ॻोठु म्हणजे गाव, ॼिभ म्हणजे जीभ आणि ॾह म्हणजे दहा. यातली पहिली अक्षरे साधी ब, ग, ज, ड नव्हेत. ती उच्चारताना हवा बाहेर न सोडता आत ओढावी लागते. देवनागरीत त्यांच्याखाली आडवी रेघ देतात. मराठीच्या तासाला मी ‘ळ’साठी ज्यांची जीभ वळवत होते, त्यांच्यापाशी माझ्या जिभेला न जमणारे चार आवाज होते. हे वर्गाला कळल्यावर ‘ळ’ची भीती पुष्कळ कमी झाली. आधी मी म्हणून दाखवायचे आणि हरायचे, मग ती.

व्याकरणातही हेच. सिंधीत दोन लिंगे, मराठीत तीन. ‘ते झाड’, ‘ते पुस्तक’ हा तिसरा खण त्यांच्या घरात नाहीच. पण मला सर्वांत शिकवून गेली ती ‘आम्ही’ आणि ‘आपण’ची गोष्ट. हिंदीत ‘हम’ हा एकच शब्द. ऐकणाऱ्याला धरून बोलायचे की वगळून, हा भेद मराठीला लागतो. सहलीच्या वेळी एक मुलगी मला म्हणाली, “बाई, आम्ही रामटेकला जाऊ या!” मी तोवर हे लाल शाईने कापत असे. नियम सांगितला नव्हता, कारण तो नियम आहे हेच माझ्या ध्यानात नव्हते. जन्मभर बोलणाऱ्याला आपल्या भाषेची कुलुपे दिसत नाहीत.

कोणी म्हणेल, ही परभाषक मुलांची अडचण. तसेही नाही. माझ्या वर्गात इंदोऱ्याची मराठी मुलेही असत. ती ‘काहून’, ‘मले’, ‘मी जाऊन राहिलो’ म्हणत. पाठ्यपुस्तकातली मराठी त्यांच्याही घरची नव्हती. मी त्यांचेही बोलणे खोडत असे. सिंधी मुलांची चूक मी अज्ञान समजत होते आणि या मुलांची गावंढळपणा. दुसरे अधिक वाईट, हे आज कबूल करते.

शब्द समजूनही अर्थ चुकतो, याचा धडा मला सातवीतल्या एका मुलीने दिला. श्रावणात निबंध दिला होता. तिने पहिलेच वाक्य लिहिले, ‘आज आमच्या घरी चूल पेटली नाही.’ मी वाचून गलबलले. आपल्याकडे या वाक्याचे अर्थ दोनच, उपासमार नाहीतर घरात मयत. मधल्या सुटीत तिला बाजूला घेऊन माझा डबा पुढे केला. ती गोंधळली. मग हसून तिने स्वतःचा डबा उघडला, आत गोड जाडसर लोला होता. त्या दिवशी थदडी होती. सिंधी घरांत थदडीला विस्तव पेटवत नाहीत, आदल्या दिवशी केलेले थंड जेवण जेवतात. तिने सणाचा निबंध लिहिला होता आणि मी दारिद्र्याचा वाचला. पुढचे तिचे वर्णन फार छान होते, पण ‘लोला’सारखे शब्द होते म्हणून मी गुण कापले होते. ते परत दिले.

१९५३ साली युनेस्कोच्या तज्ज्ञांनी मुलाचे शिक्षण मातृभाषेत सुरू व्हावे, असे सांगितले. १९५६च्या सातव्या घटनादुरुस्तीने ३५० अ हे कलम आणले आणि भाषिक अल्पसंख्याक मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून देण्याची सोय राज्यांवर सोपवली. कायद्याची बाजू अशी भक्कम. तरी सिंधी माध्यमाचे वर्ग ओसरले. कोणी बंदी घातली नाही. आईबापांनीच इंग्रजी माध्यम पसंत केले आणि त्यांना दोष देण्याचे धैर्य मला होत नाही. माझी मुलेही इंग्रजी माध्यमातच शिकली. २०११च्या जनगणनेत देशात सिंधीभाषक सुमारे २७ लाख ७२ हजार आहेत, त्यात कच्छी बोलणारेही मोजलेले.

२०२०च्या कायद्याने महाराष्ट्रातल्या सर्व शाळांत मराठी सक्तीची झाली, मला ते योग्य वाटते. २०२५ साली पहिलीपासून हिंदीचा वाद पेटला आणि २९ जूनला शासनाने ते आदेश मागे घेतले. लहान मुलावर किती भाषांचे ओझे, यावर खूप बोलले गेले. तीन भाषांचा हिशेब सगळे मांडत होते. जरीपटक्याच्या मुलाची घरची चौथी भाषा त्या हिशेबात मला कुठे दिसली नाही.

आजोबांनी त्या भेटीत नातवाच्या वहीच्या पानावर ‘ॿारु’ हा शब्द दोनदा लिहून दिला होता, एकदा अरबी सिंधीत आणि खाली व्यापाऱ्यांच्या जुन्या लिपीत. मग विचारले, “आपके दादाजी किसमें लिखते थे?” माझ्या आजोबांची मालगुजारीची कागदपत्रे मोडीत आहेत. ट्रंकभर. मला त्यातली एक ओळ वाचता येत नाही. तसे मी सांगितले. ते काही बोलले नाहीत, पान फाडून माझ्या हातात दिले.

गेल्या वर्षी ते पान घेऊन मी त्या मुलाच्या दुकानात गेले. त्याचे आता कापडाचे दुकान आहे, पन्नाशी उलटली आहे. वरची ओळ त्याने लगेच वाचली, खालची त्याला आली नाही. इंग्रजी शाळेत जाणारी त्याची धाकटी मुलगी गल्ल्याशी बसली होती, तिला दोन्ही आल्या नाहीत. “बार,” ती बापाचे ऐकून म्हणाली. “बार नहीं,” तो म्हणाला, “ॿारु. हवा अंदर.” गिऱ्हाईक थान उलगडून उभे होते. ती ओठ मिटून पुन्हा पुन्हा प्रयत्न करू लागली. मग तो माझ्याकडे वळला आणि म्हणाला, “बाई, आता तुम्ही म्हणा.”