नोंदीचा पत्ता

चक्रधरस्वामी उत्तरापंथे निघून गेल्यानंतर त्यांचा शिष्यपरिवार ऋद्धपूरला श्रीप्रभूंच्या सान्निध्यात राहिला. महानुभाव परंपरा सांगते की, तिथे नागदेवाचार्य, म्हणजे भटोबास, एकटेच बसून काहीतरी पुटपुटत असत. म्हाइंभटांनी कारण विचारले तेव्हा कळले की, ते स्वामींच्या लीळा एकेक करून आठवत आहेत. ज्यांनी स्वामींना पाहिले ती माणसे आहेत तोवर हे ठीक. पण पुढे येणाऱ्यांनी काय करायचे, हा प्रश्न म्हाइंभटांना पडला. त्या प्रश्नातून १२७८च्या सुमारास ‘लीळाचरित्र’ आकाराला आले.

या ग्रंथाच्या भाषेविषयी आणि वाङ्मयीन थोरवीविषयी मराठीत पुष्कळ लिहिले गेले आहे. मला त्याकडे वेगळ्या कारणासाठी वळावेसे वाटते. लीळाचरित्र आणि त्याच्या आधाराने पुढे तयार झालेले ग्रंथ ही नोंदी ठेवण्याची एक पूर्ण विचार केलेली व्यवस्था आहे. जालना जिल्ह्यातल्या गावांचा इतिहास गोळा करण्याचे काम मी करतो. या कामात आज जी अडचण सर्वांत जास्त भेडसावते, तिचे उत्तर मला या सातशे वर्षे जुन्या व्यवस्थेत सापडते.

अडचण नोंदी कमी असल्याची नाही. २०२३च्या सप्टेंबरात अंबड तालुक्यातल्या अंतरवाली सराटीचे नाव देशभर पोचले. त्यानंतर कुणबी नोंदी तपासण्यासाठी राज्य शासनाने निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. मोडी आणि उर्दू कागदांचे गठ्ठे सोडले गेले, पाने संगणकात उतरवली गेली आणि जिल्ह्यांच्या संकेतस्थळांवर ठेवली गेली. आरक्षणाच्या प्रश्नावर कोणाचे मत काहीही असो, एक गोष्ट सर्वांनी पाहिली: शंभर वर्षांपूर्वी कोणा कारकुनाने लिहिलेल्या एका ओळीवर आजच्या घरातल्या मुलाचे शिक्षण आणि नोकरी अवलंबून असू शकते.

त्या दिवसांत माझ्याकडेही लोक फोन घेऊन येत. “सर, आमच्या पणजोबांचं नाव आहे बघा यात,” असे म्हणून घनसावंगीकडचा एक तरुण मोडीतले पान दाखवी. पान खरे, नावही असेल. पण ते कोणत्या गावाच्या नोंदवहीतले, कोणत्या सालचे, कितवे, हे त्याला सांगता येत नव्हते. त्याला ते मित्राकडून आले होते, मित्राला आणखी कोणाकडून. फायलीच्या नावात फक्त आकडे होते. नोंद हातात होती, तिचा पत्ता हरवला होता. पत्ता नसलेली नोंद कचेरीत चालत नाही आणि इतिहासातही चालत नाही.

ज्याने पाहिले, त्याच्याकडून

म्हाइंभटांनी आठवणी गोळा केल्या त्या शक्यतो ज्याने प्रसंग पाहिला त्याच्याकडून. सांगणाऱ्यांत नागदेवाचार्य होते, तशाच महदाइसेसारख्या, सतत प्रश्न विचारणाऱ्या शिष्याही होत्या. प्रत्येक आठवण स्वतंत्र लीळा म्हणून लिहिली गेली. एक लीळा म्हणजे एक प्रसंग, आणि तिला मथळा. बहुतेक लीळा चार-सहा वाक्यांत, फार तर पानभरात संपतात. पण तेवढ्यात स्वामी कुठे होते, बरोबर कोण होते आणि कोणत्या निमित्ताने काय बोलले, हे येते.

आज आपल्यापुढे असलेल्या पाठांत याहून महत्त्वाची एक गोष्ट दिसते. दोन सांगणाऱ्यांचे जुळले नाही, तर त्यातले एक पुसून दुसरे ठेवलेले नाही. पाठभेद ‘वासना’ या शब्दाखाली नोंदवला आहे, मागाहून चौकशी करून मिळालेली भर ‘शोधु’ म्हणून वेगळी दाखवली आहे. मूळ सांगणे कोणते आणि नंतरची भर कोणती, हे वाचणाऱ्याला कळते.

आपल्या फोनमधली नोंद याच्या उलट असते. आजीने सांगितलेली हकीकत, पुस्तकातून उतरवलेला परिच्छेद आणि स्वतःला सुचलेला विचार एकाच टिपणात एकापुढे एक येतात. सहा महिन्यांनी यातले आजीचे कोणते आणि आपले कोणते, हे लिहिणाऱ्यालाही सांगता येत नाही. उपाय म्हाइंभटांचाच: एका टिपणात एकच गोष्ट. पहिल्या ओळीत कोणी सांगितले, कुठे, कधी. आणि आपले मत खाली, वेगळ्या खुणेने.

एकाच आठवणीकडे तीन वाटा

लीळाचरित्राची रचना ढोबळमानाने काळाची आहे. एकांक, पूर्वार्ध, उत्तरार्ध अशा क्रमाने स्वामींचे आयुष्य पुढे सरकते. पण अनुयायाला रोज लागते ते आयुष्य नव्हे, वचन. अमुक प्रसंगी कसे वागावे, हे शोधायला सगळा ग्रंथ चाळणे शक्य नसते. म्हणून केसोबासांनी चक्रधरांची वचने वेचून ‘सूत्रपाठ’ केला आणि त्यात आचार, विचार अशी विषयवार मांडणी आली. स्वामींनी दिलेले दृष्टान्तही त्यांनी ‘दृष्टान्तपाठा’त वेगळे केले, ते ११४ आहेत.

चौदाव्या शतकात मुनिव्यास कोठी यांनी तिसरी वाट बांधली. त्यांच्या ‘स्थानपोथी’त स्वामी जिथे जिथे राहिले, बसले, रात्र काढली त्या जागा गावागणिक नोंदल्या आहेत. जास्त दिवसांचा मुक्काम ते अवस्थान, रात्रीपुरता तो वसती, बसले ते आसन. देऊळ कोणत्या दिशेला, दार कुठे, त्यापासून अमुक बाजूला काय, इतके बारकावे त्यात आहेत. यादवकाळातल्या देवळांचा अभ्यास करणाऱ्यांना आज या पोथीचा आधार घ्यावा लागतो तो यामुळेच. लिहिणाऱ्याने ती इतिहासासाठी लिहिली नव्हती. पुढच्या भक्ताला ती जागा सापडावी, एवढ्यासाठी लिहिली होती.

साठा एकच, वाटा तीन: काळाची, विषयाची, स्थळाची. शिवाय परतीची सोय होती. सूत्र वेगळे काढले की त्याचा प्रसंग सुटतो आणि अर्थ भरकटतो. म्हणून कोणते सूत्र कोणत्या प्रसंगी उच्चारले गेले, हे सांगणारे ‘प्रकरणवश’ पंथात तयार झाले. सूत्रावरून लीळेकडे परत जाता येते.

आजचा माणूस नोंदी लावायला बसतो तेव्हा कप्प्यांत कप्पे करतो. तालुक्याचा कप्पा, त्यात गावाचा, त्यात देवळाचा. मग भोकरदन तालुक्यातल्या जाळीच्या देवाची नोंद कुठे ठेवायची? गावात, महानुभाव स्थानांत की यात्रांत? कागदाची एकच प्रत असे तेव्हा एकच जागा निवडणे भाग होते. संगणकात ते भाग नाही. नोंद एकाच ठिकाणी ठेवावी आणि तिच्यात गाव, विषय, साल हे शब्द स्पष्ट लिहावेत. मग तिन्ही वाटांनी ती सापडते. फोनमध्येही ‘शोधा’ म्हणून एक चौकट असते, पण ती सहसा लिहिलेलेच शोधते. छायाचित्रातली मोडी ती आपल्यासाठी वाचून ठेवत नाही. म्हणून छायाचित्राखाली आपण लिहिलेली एक ओळ त्या छायाचित्राइतकीच मोलाची असते.

स्थळाची एक ओळ किती पुरते, याचे उदाहरण भोकरदनचेच आहे. सांची आणि भारहूतच्या स्तूपांवरच्या दानलेखांत भोगवर्धनच्या दात्यांचा उल्लेख आहे. दगडावर जागा थोडी. त्यात दात्याचे नाव आणि गाव इतकेच मावले. गाव लिहिले नसते तर ती दोन हजार वर्षांपूर्वीची नुसती नावे उरली असती. गाव लिहिल्यामुळे आजचे भोकरदन त्या काळच्या व्यापारी वाटांच्या नकाशावर ठेवता येते, आणि १९७०च्या दशकात तिथे झालेल्या उत्खननात मिळालेल्या वस्तूंना संदर्भ मिळतो.

धाड आणि कुलूप

चौदाव्या शतकाच्या आरंभी देवगिरीवर झालेल्या स्वाऱ्यांच्या धामधुमीत लीळाचरित्राची मूळ प्रत गेली. पंथाच्या आठवणीत ही ‘खालशाची धाड’ आहे. ग्रंथ तरीही उरला, कारण तो अनेकांच्या मुखात होता. ज्याला जे पाठ होते त्यावरून तो पुन्हा लिहिला गेला. हिराइसेचा पाठ अशाच पाठांपैकी एक. आजच्या पोथ्यांत पाठभेद इतके का, याचे एक कारण हेच आहे.

पुढे पंथाने आपले ग्रंथ सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिप्यांत लिहिले. त्यामुळे ग्रंथ पंथात सुरक्षित राहिले, पण बाहेरच्या मराठी वाचकाला ते कित्येक शतके बंदच होते. विसाव्या शतकाच्या आरंभी इतिहासाचार्य राजवाड्यांनी सकळ लिपीची किल्ली शोधली, तेव्हा मराठीच्या आरंभकाळाचे एक मोठे दालन अभ्यासकांना उघडले. पुढे ह. ना. नेने, वि. भि. कोलते, शं. गो. तुळपुळे यांच्या संपादनांतून लीळाचरित्र सर्वांच्या हाती आले.

महानुभावांनी कुलूप जाणूनबुजून लावले होते. आपण ते नकळत लावत आहोत. पंचवीस वर्षांपूर्वी जिल्ह्यात छापलेल्या स्मरणिका, गावांच्या माहितीपुस्तिका, संस्थांची इतिवृत्ते श्री-लिपी किंवा कृतिदेवसारख्या जुन्या टंकांत टाइप झाली. तो टंक नसलेल्या संगणकावर त्या फायली उघडल्या की अक्षरांच्या जागी निरर्थक चिन्हे येतात, आणि त्यांत ‘परतूर’ शोधले तर परतूर सापडत नाही. अशा फायली युनिकोडमध्ये आणणे हे आजच्या काळातले सकळ लिपी उलगडण्याचेच काम आहे, आणि किल्ली ठाऊक असलेली माणसे आहेत तोवर ते करून घ्यायला हवे. एकाच ॲपमध्ये, त्याच्याच साच्यात अडकलेल्या टिपणांचेही तेच. साध्या मजकुराची फाइल कोणत्याही यंत्रावर उघडते.

धाडीचा धडा तर त्याहून सोपा आहे. फोन विहिरीत पडतो, चोरीला जातो, पासवर्ड माणसाबरोबर जातो. नोंदीची एक प्रत घरात, एक घराबाहेर आणि एक दुसऱ्या माणसाकडे असावी. यातली तिसरी सर्वांत महत्त्वाची, कारण नोंद दुसऱ्याला द्यायची तर ती त्याला कळेल अशी लिहावी लागते.

जांबचा समास

घनसावंगी तालुक्यातल्या जांबेत १६०८ साली सूर्याजीपंत ठोसरांच्या घरी जन्मलेल्या नारायणाने, म्हणजे समर्थ रामदासांनी, ‘दासबोधा’च्या एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास लेखनक्रियेला दिला आहे. अध्यात्माच्या ग्रंथात बोरू, शाई आणि कागद यांविषयी इतके बारीक सांगणारा समास पाहून नवा वाचक थबकतो. समर्थ सांगतात की, पानाच्या चारी बाजूंना जागा सोडावी, म्हणजे कागदाच्या कडा झडल्या तरी अक्षराला धक्का लागत नाही. ग्रंथाचे पहिले आणि शेवटचे अक्षर एकाच टाकाने लिहिल्यासारखे दिसावे. तरुणपणी फार बारीक लिहिले तर म्हातारपणी ते उपयोगी पडत नाही, म्हणून मध्यम लिहावे.

या तिन्ही सूचना भविष्यातल्या वाचकाकडे पाहून दिल्या आहेत, आणि तो वाचक अनेकदा आपण स्वतःच असतो. आज हौसेने केलेली रंगांची, खुणांची, आद्याक्षरांची गुंतागुंतीची पद्धत म्हणजे तरुणपणचे बारीक अक्षर. दहा वर्षांनी ती आपल्यालाच लागत नाही. एकाच टाकाचे अक्षर म्हणजे नावे देण्याची एकच रीत, पहिल्या फायलीपासून शेवटच्या फायलीपर्यंत: गाव, दप्तराचा प्रकार, साल, पान. तारीख लिहिताना आधी वर्ष, मग महिना, मग दिवस लिहिला की फायली आपोआप काळाच्या क्रमाने लागतात.

मराठवाड्यात यात एक भर घालावी लागते. १९४८पर्यंत आपण हैदराबाद संस्थानात होतो आणि तिथल्या कागदांवर फसली सन असतो. फसली सनात ५९० मिळवले की ढोबळ इसवी सन येते. फसली १३३५ म्हणजे १९२५-२६चा सुमार. टिपणात मूळ फसली सन जसा आहे तसा उतरवावा आणि इसवी त्याच्या शेजारी वेगळा लिहावा. पहिला कागदाचा, दुसरा आपला. हीही ‘शोधु’ वेगळा दाखवण्याचीच रीत.

गेल्या वर्षीपासून आम्ही काही जण गावोगाव जाऊन वयस्क माणसांची सांगणी ध्वनिमुद्रित करतो. रझाकारांच्या दिवसांची, १९७२च्या दुष्काळातल्या रोजगार हमीच्या कामांची, बुजलेल्या बारवांची. ज्यांनी रझाकारांचा काळ जाणत्या वयात पाहिला ते आता नव्वदीच्या आसपास आहेत. मुद्रण संपले की तिथेच ओसरीवर बसून आम्ही पाच गोष्टी लिहितो: कोणी सांगितले, स्वतः पाहिलेले की ऐकलेले, कोणत्या गावी, कोणत्या तारखेला, आणि कशाविषयी. लिहिलेले सांगणाऱ्याला वाचून दाखवतो. बहुतेकदा त्या वाचनातच दुरुस्ती होते. “तसं नव्हे बाबा, ती विहीर पाटलाची नव्हती, गावाची होती,” असे एखादी आजी म्हणते. मग मूळ ओळ तशीच ठेवून तिच्याखाली ही नवी ओळ लिहायची, आजीच्या नावानिशी.