पान न उलटता मजकूर बदलतो, त्या युक्तीची कुळकथा

सायबर कॅफेत तासावर पैसे मोजून ज्यांनी मेल पाहिले आहेत, त्यांना तो पांढरा पडदा आठवत असेल. एका पत्रावर क्लिक केलं की समोरचं पान नाहीसं व्हायचं, पडदा कोरा पडायचा आणि मग नवं पान वरून खाली तुकड्यातुकड्यानं उमटायचं. पत्र वाचून यादीकडे परतायचं तर पुन्हा तोच प्रकार. एक फालतू मेल खोडला तरी तेच बोधचिन्ह, त्याच जाहिराती, डावीकडची तीच यादी नव्यानं उतरायची. पंगतीत एक पोळी मागावी आणि वाढप्यानं पुढ्यातलं ताट उचलून नेऊन सगळं पहिल्यापासून वाढून आणावं, तसं.

यात कुणाचा दोष नव्हता. टिम बर्नर्स-ली यांनी सर्न या संशोधनसंस्थेत वेब उभारलं ते कागदपत्रं वाचण्यासाठी. ब्राउझरनं पान मागायचं, सर्व्हरनं ते द्यायचं, व्यवहार संपला. वाचायला एवढं पुरे होतं. पण १९९६च्या ४ जुलैला सबीर भाटिया आणि जॅक स्मिथ यांनी हॉटमेल सुरू केलं आणि लोक वेबवर वाचण्याऐवजी कामं करू लागले. पत्रं दूरच्या कुठल्या तरी सर्व्हरवर, आपण कुठल्याही यंत्रासमोर. आज ज्याला आपण क्लाउड म्हणतो त्याची पहिली चव सामान्य माणसाला मिळाली ती इथे. अडचण एकच होती, पानं वाचायच्या यंत्रणेवर टपालखात्याचा कारभार चालला होता.

तोडगा निघाला तो मायक्रोसॉफ्टमध्ये, आणि तोही आडवाटेनं. कचेऱ्यांसाठीच्या एक्स्चेंज या मेल-सर्व्हरची नवी आवृत्ती १९९८च्या सुमारास घडत होती. ब्राउझरमधून मेल पाहायची सोय त्यात द्यायची होती; तिचं नाव आउटलुक वेब ॲक्सेस. एक गट म्हणे, साधी पानंच शक्य तितक्या झटपट देऊ. दुसऱ्याला हवं होतं की पान जागचं हलू नये, फक्त आतला मजकूर बदलावा. त्यासाठी पानाला पाठीमागून, वापरणाऱ्याला कळू न देता, सर्व्हरशी बोलता यायला हवं. ॲलेक्स हॉपमन या अभियंत्यानं तसा एक छोटा घटक लिहिला.

आता तो लोकांच्या यंत्रांपर्यंत पोचवायचा कसा? इंटरनेट एक्सप्लोरर ५ जवळजवळ तयार होता, त्यात नवं काही घुसवायला वाव नव्हता. मात्र त्याच्यासोबत एक्सएमएल या खुणाभाषेतला मजकूर हाताळणारी एक लायब्ररी जाणार होती. हॉपमननी आपला घटक तिच्यात बसवून घेतला आणि त्याचं नाव पडलं एक्सएमएलएचटीटीपी. त्याचं सगळं काम एचटीटीपीशी, म्हणजे ब्राउझर आणि सर्व्हर ज्या नियमांनी बोलतात त्यांच्याशी. एक्सएमएलशी नातं जेमतेम, प्रवेशापुरतं. पुढे मोझिला या ब्राउझरनं त्याची नक्कल केली तेव्हा नाव थोडं लांबवून एक्सएमएलएचटीटीपीरिक्वेस्ट केलं, सुरुवातीचं 'एक्सएमएल' मात्र तसंच ठेवलं.

१९९९च्या मार्चमध्ये हा ब्राउझर बाहेर पडला आणि ही सोय लाखो संगणकांत जाऊन बसली. मग काय झालं? फारसं काहीच नाही. मायक्रोसॉफ्टचं पोट विंडोज आणि ऑफिसवर चालत होतं. ब्राउझरच सॉफ्टवेअरची जागा घेऊ लागला तर तोटा त्यांचाच. २००१मध्ये इंटरनेट एक्सप्लोरर ६ काढून कंपनी जी स्वस्थ बसली ती सातवा काढायला २००६ उजाडलं. मुद्दाम झोपेचं सोंग घेतलं असं मी म्हणणार नाही, पण घरात जन्मलेल्या या पोराकडे त्यांनी नीट पाहिलं नाही एवढं खरं.

त्याला अंगाखांद्यावर खेळवलं गूगलनं. २००४च्या १ एप्रिलला जीमेल आलं. हॉटमेल २ एमबी जागा देत असताना हे १ जीबी देणार म्हणाले, तेव्हा अनेकांना ते एप्रिल फूलच वाटलं. चर्चा जागेची झाली, पण खरा बदल पडद्यावर होता: पत्र उघडत होतं आणि पांढरा पडदा येत नव्हता. त्याच वर्षीच्या डिसेंबरात गूगलच्या एका प्रायोगिक शोधखिडकीत अक्षर टाइप करताच खाली सूचना उमटू लागल्या. आणि २००५च्या ८ फेब्रुवारीला आले गूगल मॅप्स.

नकाशांपाशी थोडं थांबू या, कारण इथे युक्ती उघड दिसते. तोवर वेबवरच्या नकाशाला चारी बाजूंना बाण असत. पूर्वेला सरकायचं तर बाण दाबा आणि नवं पान येईपर्यंत थांबा. लार्स आणि येन्स या रासमुसेन बंधूंच्या सिडनीतल्या चमूनं जे घडवलं त्यात नकाशा चौकोनी फरश्यांत कापलेला होता. तुम्ही माउसनं तो ओढता, तेव्हा कडेला उघडी पडणारी जागा ब्राउझर गुपचूप नव्या फरश्या मागवून भरतो. मंद जोडणीवर ओढलं की करड्या चौकोनांत एकेक फरशी बसताना दिसायची.

याला दहाच दिवस झाले असतील. १८ फेब्रुवारीला जेसी जेम्स गॅरेट या डिझायनरनं एका लेखात या साऱ्या तंत्राचं बारसं केलं: एजॅक्स. नाव सुचलं अंघोळ करताना, असं त्यांनीच सांगितलं आहे. तंत्र सहा वर्षं जुनं होतं, पण नाव मिळाल्यावर जो तो ते मागू लागला. त्याच वर्षी ब्राउझरमध्ये चालणारं राइटली हे लेखन-सॉफ्टवेअर आलं. पुढे गूगलनं ते घेतलं आणि त्यातून गूगल डॉक्स झालं. २००६मध्ये ॲमेझॉननं आपले सर्व्हर तासाच्या भाड्यानं द्यायला काढले आणि क्लाउड हा शब्द सगळ्यांच्या तोंडी झाला. पण भाड्याचा सर्व्हर कितीही दणकट असो, समोरचा पडदा दर क्लिकला कोरा पडत असता तर त्यावर हिशेब आणि पत्रव्यवहार करायला कोण बसलं असतं?

मराठी माणसाला याचा एक रोकडा फायदा झाला. देवनागरीचा कीबोर्ड न शिकलेल्यांनी गूगलच्या पानावर रोमन अक्षरांत शब्द लिहून स्पेस दाबायचा. शब्द सर्व्हरवर जाऊन मराठी होऊन परतायचा. नेट रेंगाळलं की तो क्षणभर रोमनच राहायचा, तेवढाच प्रवासाचा पुरावा.

तोटाही त्याच पोटचा. पानाला पूर्वी तळ होता, तिथे हात थांबायचा. २००६मध्ये एझा रास्किन या डिझायनरनं न संपणारं पान केलं आणि पुढे त्याबद्दल जाहीर खंतही व्यक्त केली. मला मात्र त्याहून खटकतं ते पाठीमागचं बोलणं. पूर्वी बटण दाबेपर्यंत तुमचं लिहिलेलं तुमच्यापाशी असायचं. आता सूचना देणाऱ्या शोधखिडकीत तुम्ही एखाद्या आजाराचं नाव टाइप केलंत आणि एंटर न दाबता खोडलंत, तरी ती अक्षरं पोचलेली असतात.

खात्री करून घ्यायला अभियंता असावं लागत नाही. संगणकावर क्रोममध्ये गूगलचं पान उघडा, एफ१२ दाबा आणि 'नेटवर्क' विभागात जा. तिथे 'फेच/एक्सएचआर' असं बटण दिसेल. एक्सएचआर म्हणजे एक्सएमएलएचटीटीपीरिक्वेस्टच; हॉपमनच्या घटकाचं नाव अजून तिथे टिकून आहे. ते बटण दाबा, मग पानावरच्या शोधखिडकीत सावकाश एकेक अक्षर टाइप करा आणि यादीत ओळी कशा वाढत जातात ते मोजा.